न्हाणीघराचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या समाजाला परका नाही. नवे मंदिर उभारण्यापेक्षा जुन्या जिनालयाचा जीर्णोद्धार करण्यात अधिक पुण्य आहे, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा. त्या कामाचा क्रमही सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम पाया तपासला जातो, नंतर खांब आणि तुळया, नंतर शिखरातून पाणी कोठे झिरपते त्याचा शोध. रंगरंगोटी आणि आरसेकाम अगदी शेवटी. परंतु हीच मंडळी स्वतःच्या घरातील जुने न्हाणीघर नवे करावयास निघाली, की हा क्रम नेमका उलटा होतो. प्रथम टाइलच्या दुकानात फेरी होते, मग नळांच्या चकाकीची चर्चा होते, आणि भिंतीवर कोणाचा भार आहे व पाणी जाते कोठे, हे प्रश्न गवंड्याच्या मर्जीवर सोपविले जातात. न्हाणीघराच्या कामातही मंदिराचाच क्रम पाळावा, हे सभासद बंधु-भगिनींच्या ध्यानी आणून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डिंडोलीची घरे आणि डिंडोलीची माती

उदाहरणासाठी सुरतेच्या आग्नेय भागातील डिंडोली घेऊ. उधना–जळगाव लोहमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतील हजारो मराठी कुटुंबे यंत्रमाग, कापडबाजार आणि लहानमोठ्या व्यापाराच्या निमित्ताने सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूस स्थिरावली. त्यांतील पुष्कळांनी पोटाला चिमटा घेऊन जी घरे घेतली, ती रांगघरे होती. रुंदी बारा-पंधरा फूट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक, पुढे ओटा, मागे चिंचोळी मोरी आणि तिला लागून अंधारा संडास. मुले मोठी झाली तेव्हा वर एक मजला चढला आणि त्या मजल्यावर आणखी एक न्हाणीघर आले. बहुधा मूळ बांधकामाच्या हिशेबात नसलेले.

आता ही घरे तीस-पस्तीस वर्षांची झाली आहेत. पुढची पिढी म्हणते, मधली भिंत काढून संडास व मोरी एक करू, दार हलवू, कमोड पलीकडच्या कोपऱ्यात नेऊ. मागणी अवास्तव नाही. तथापि घराच्या खाली काय आहे, याचा विचार आधी झाला पाहिजे.

सुरतेच्या परिसरात पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती आहे. खानदेशातून आलेल्यांना तिचा स्वभाव वेगळा सांगावयास नको. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला हा गुण वरदान असला, तरी पायाला तो शत्रूच. मोरीचा फुटका पाइप वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यातील मातीला पाणी पाजीत राहिला, तर तेवढाच कोपरा फुगतो, बाकीची माती कोरडी राहते, आणि पाया असमान हलू लागतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चढत जाणारी भेग दिसली, की आपण रंगाऱ्यास बोलावतो. वास्तविक बोलवावयास हवे नळकारागिरास. सेकंदाला एक थेंब हिशेबात धरला, तरी दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठी सुमारे दीड हजार लिटर पाणी होते. दुकानातील गल्ल्यातून रोज चार रुपये नाहीसे झाले, तर जो व्यापारी रात्री झोपणार नाही, तोच ही गळती दहा वर्षे सहन करतो, कारण ती खतावणीत दिसत नाही.

भिंत कोणाचा भार वाहते?

जुन्या रांगघरांत नऊ इंची भिंत आणि साडेचार इंची भिंत असा भेद असतो. साडेचार इंची भिंत बहुधा केवळ आडोशाची, तर नऊ इंची भिंत बहुधा स्लॅबचा भार पेलणारी. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम दोनदा वापरला आहे. वरचा मजला मागाहून चढविताना पुष्कळ घरांत खालच्या आडोशाच्या भिंतीवरही ओझे आलेले असते. म्हणून हातोडा पडण्यापूर्वी बांधकाम-अभियंत्याने ती भिंत वरून व खालून पाहिली पाहिजे. त्याचे मानधन एकंदर खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

भिंत भार पेलणारी निघाली, तरी ती काढता येतच नाही असे नव्हे. दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू द्यावयाचे, भिंतीच्या जागी लोखंडी किंवा काँक्रीटची तुळई बसवावयाची, त्या तुळईच्या दोन्ही टोकांना पुरेसा आधार आहे याची खात्री करावयाची, आणि काँक्रीटला बळ आल्यावरच टेकू काढावयाचे, असा तो क्रम आहे. त्यात घाई चालत नाही. असा फेरबदल करण्यापूर्वी महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. रांगघरात सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासही आधी सांगावे. कारण आपल्या हातोड्याचा धक्का त्याच्या स्वयंपाकघरातील फडताळापर्यंत पोहोचतो.

हे अतिसावधपणाचे बोलणे नव्हे. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली निवासी इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावरील जागेत फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात भार पेलणाऱ्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरील कुटुंबांनी ना हातोडा उचलला होता, ना नकाशा बदलला होता. एकाच्या सोयीसाठी झालेल्या फेरबदलाची किंमत इतरांनी दिली. सुरतेजवळ सचिनच्या पाली गावात ६ जुलै २०२४ रोजी एक इमारत कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. तिचे बांधकाम होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. घर दिसावयास नवे असणे आणि बळकट असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भिंत न काढताही तिला दुबळे करता येते. पाइप आत दडविण्यासाठी कारागीर भिंतीत खाच पाडतो. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक-षष्ठांशाहून खोल नसावी, हा ढोबळ नियम लक्षात ठेवावा. नऊ इंची भिंतीत उभी खाच तीन इंच चालेल, परंतु आडवी दीड इंचाहून अधिक नको. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच पाऊण इंचच होते. तेथे पाइप बाहेरून नेलेला बरा.

वरच्या मजल्याचे ओझे

वरच्या मजल्यावर कमोडची जागा बदलली, की त्याचा पाइप दडविण्यासाठी स्लॅबवर भर घालावी लागते. पाच फूट बाय सात फूट न्हाणीघरात एक फूट भर घातली, तर ती पस्तीस घनफूट, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर होते. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातल्यास तिचे वजन एकोणीस क्विंटलांच्या आसपास जाते. पन्नास किलोची अडतीस पोती शयनगृहाच्या मधोमध कायमची रचून ठेवावयास कोण तयार होईल? न्हाणीघरात मात्र आपण ती सहज रचतो, कारण वरून फरशी दिसते. आज पोकळ छिद्रांच्या हलक्या सिमेंट-ठोकळ्यांचे तुकडे भरीसाठी मिळतात. पाण्यापासून जपून वापरले तर भार पुष्कळ कमी होतो. कमोड भिंतीवर टांगून त्याचा पाइप स्लॅबच्या वरूनच थेट बाहेरच्या उभ्या नळाला जोडता आला, तर ही भर जवळजवळ टळते. मात्र असा कमोड साडेचार इंची भिंतीच्या जिवावर टांगू नये. त्यासाठी जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट बसवितात.

सज्जा किंवा गॅलरी बंद करून तेथे न्हाणीघर करण्याची चालही रूढ आहे. ती सर्वांत धोक्याची. सज्जाच्या स्लॅबमधील मुख्य सळया वरच्या बाजूस असतात. उतार काढण्यासाठी गवंड्याने वरून छिन्नी चालविली, तर त्या सळयाच उघड्या पडतात किंवा तुटतात. आणि सज्जाला दुसरा आधार नसतो.

पाण्याची वाट

लोथल आपल्या गुजरातेतच आहे. १९५५ पासून तेथे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीची पक्क्या विटांची न्हाणीघरे आणि त्यांना जोडलेल्या गटारी सापडल्या. फरशीच्या विटा घट्ट बसविलेल्या, जमिनीला उतार, आणि पाण्याला निश्चित वाट. न्हाणीघराचे शास्त्र एवढेच आहे. बाकी सारा अलंकार.

सात फूट लांबीच्या न्हाणीघरात जाळीच्या दिशेने सुमारे सव्वा इंच उतार पुरतो. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे राहिले पाहिजे. गटारातील दुर्गंधी व झुरळे अडविणारा पहारेकरी तोच. मैलापाणी नेणाऱ्या चार इंची पाइपाला चाळीस ते साठ फुटांमागे एक फूट उतार असावा आणि वळणे शक्य तितकी थोडी. कमोड जितका दूर नेऊ, तितका हा उतार साधणे कठीण. म्हणून नकाशा काढताना बाहेरचा उभा नळ कोठे आहे हे पाहून कमोडची जागा ठरवावी. खालच्या मजल्यावर त्याच जागी देवघर किंवा स्वयंपाकघर असेल, तर जागा बदलण्याचा मोह आवरलेलाच चांगला. खाडीकाठच्या सखल वस्तीत पावसाळ्यात गटाराचे पाणी उलटे घरात येते. तेथे तळमजल्याच्या वाहिनीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप अवश्य बसवावी.

जलरोधक थर दिल्यावर टाइल बसविण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावयाची असते. जाळीचे तोंड बंद करून न्हाणीघरात दोन-तीन इंच पाणी भरावे आणि ते अठ्ठेचाळीस तास तसेच राहू द्यावे. पाण्याच्या पातळीची भिंतीवर खूण करावी. खालच्या छतावर ओल उतरते का ते पाहावे. कारागिरास ही परीक्षा आवडत नाही, कारण त्याचे दोन दिवस मोडतात. परंतु टाइल बसल्यानंतर सापडलेली गळती म्हणजे सारे काम पुन्हा.

आणखी एक गोष्ट या भागातील जुन्या घरांत संभवते. गटारयोजना पोहोचण्यापूर्वी घरोघरी शोषखड्डे होते. त्यांना येथे 'खाळकुवा' म्हणतात. जमीन खणताना असा विसरलेला खड्डा लागला, तर त्यात कोणाही माणसास उतरवू नये. आत साचलेला वायू क्षणात प्राण घेतो, आणि उतरलेल्यास वाचविण्यासाठी गेलेला दुसराही परतत नाही. सुरक्षेची साधने न देता माणसास गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या घराच्या अंगणात एखाद्या मजुराचा जीव जावा, याहून मोठी विसंगती कोणती? यंत्राने उपसा करवून घ्यावा आणि मग खड्डा मुरूम घालून, थराथराने ठोकून भरावा. पोकळ जागेवर नवी भिंत उभी करू नये.

घरातील वृद्ध आणि बालके

न्हाणीघर नवे करण्याचे खरे निमित्त पुष्कळदा आजी-आजोबा असतात, मात्र काम संपते तेव्हा त्यांचाच विसर पडलेला असतो. चकचकीत टाइल पाण्याने ओली झाली, की बर्फासारखी निसरडी होते. जमिनीसाठी खरखरीत टाइलच घ्यावी. उंबरा अर्ध्या इंचाहून उंच नसावा. दार बाहेर उघडणारे असावे; कोणी आत पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. कमोडशेजारचा आधाराचा दांडा टाइलवर नव्हे, तर मागच्या भक्कम भिंतीत खोल रोवावा. म्हणून तो कोठे येणार हे प्लास्टर करण्यापूर्वीच ठरवावे. उद्या चाकांच्या खुर्चीची वेळ आली, तर अडीच फुटी दार पुरत नाही; तीन फुटांचे दार आजच केलेले बरे.

गॅसवरील गीझर बंद न्हाणीघरात कदापि लावू नये. ज्वाला हवेतील प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला काही कळत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या वार्ता आपण वाचतो. असा गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत आणावा. विजेच्या गीझरला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचा गळती-संरक्षक स्विच अनिवार्य समजावा.

पाचवी समिती

आपल्या शास्त्रांनी साधूंसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेप आणि पाचवी उत्सर्ग समिती. देहातून बाहेर पडणारे मल-मूत्रादी कोठे व कसे टाकावे, याचाही विचार धर्माने क्षुद्र मानला नाही. जेथे जीवजंतूंना पीडा होणार नाही आणि दुसऱ्यास किळस वा अपाय होणार नाही, अशीच जागा पाहून विसर्जन करावे, हा तिचा आशय. श्रावकाला साधूचा आचार पूर्णत्वाने साधत नाही, हे खरे. पण त्यातील यत्ना, म्हणजे जपणूक, त्याच्या आवाक्यातील आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांचा मुहूर्त उलटण्यापूर्वी ओलसर घाणीत जीवोत्पत्ती होते, असे आपण मानतो. मग ज्या मोरीतून पाणी निघून जात नाही, जिच्या कोपऱ्यात शेवाळ आहे, ती आपल्या घरी नित्य हिंसेचे ठिकाणच नव्हे काय? पिण्याचे पाणी गाळून घेणारे हात सांडपाण्याविषयी उदासीन राहू नयेत.

पाण्याच्या काटकसरीचाही हिशेब मांडू. जुन्या टाकीतून एका वेळी सुमारे दहा लिटर पाणी जाते. पाच माणसांच्या घरात दिवसाला पंचवीस वेळा टाकी ओढली, तर अडीचशे लिटर. तीन व सहा लिटरांच्या दुहेरी टाकीत वीस वेळा लहान आणि पाच वेळा मोठे बटण दाबले, तर नव्वद लिटर. रोजचे एकशे साठ लिटर पाणी कोणतीही गैरसोय न होता वाचते.

ठरावाचा कागद

व्यापारी माणूस कापडाचा तागा उलगडल्याशिवाय घेत नाही. घरच्या कामात मात्र तो तोंडी शब्दावर रक्कम देऊन मोकळा होतो. कामाचा कागद करावा, मापे लिहावी, पाइप कोणत्या जातीचा व जाडीचा ते लिहावे. आगाऊ रक्कम थोडी द्यावी आणि पुढील हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावे. त्यातील एक मोठा हप्ता पाणी भरून घेतलेल्या परीक्षेनंतरच द्यावा आणि काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. भिंती बंद होण्यापूर्वी पाइपांची व विजेच्या तारांची छायाचित्रे फीत लावून काढावी. पुढे खिळा ठोकताना तीच खतावणी उपयोगी पडते.

काम पावसाळ्यात काढू नये. दिवाळीत बाजार बंद असतो आणि कुटुंब गावी जाते, म्हणून तो काळ सोयीचा वाटतो. परंतु कारागीरही त्याच दिवसांत गावी जातात. कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास संपल्यावर कामास हात घालावा. काँक्रीट आणि प्लास्टर यांना पाणी मारण्याचे दिवस कमी करू नयेत. त्या अवधीत कुटुंबाची सोय कोठे होईल, हे आधी ठरवावे. शेजाऱ्यांशी सलोखा असलेल्या घरांचा हा प्रश्न आपोआप सुटतो.

घराबाहेर गेलेले पाणी

सुरत शहराने मलिनतेचे फळ सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या रूपाने भोगले. त्या वेळी लक्षावधी लोक शहर सोडून गेले, बाजार ओस पडले. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या अधिकाऱ्याचे नावही, योगायोग असा, एस. आर. राव. त्यांच्या कारकिर्दीत शहराने जी कात टाकली, ती सर्वश्रुत आहे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात प्रथम ठरली. आज डिंडोलीत मलजल शुद्ध करणारे केंद्र आहे. बमरोली येथे दिवसाला चार कोटी लिटर मलजल अधिक शुद्ध करून पांडेसऱ्याच्या उद्योगांना पुरविण्याची योजना २०१४ मध्ये सुरू झाली. पांडेसऱ्यात रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. म्हणजे शहरातील घराघरांतून वाहून गेलेले पाणी शुद्ध होऊन कापड रंगविते, आणि तेच कापड कदाचित आपल्यापैकी कोणाच्या दुकानात विक्रीस येते.

घरातून गेलेले पाणी असे फिरून आपल्याच व्यवहारात येते. गटाराला नीट मिळाले तर ते उद्योगाच्या उपयोगी पडते. भिंतीत मुरले तर पाया पोखरते. या दोहोंमधील निवड घराच्या मालकाच्या हाती असते, आणि ती टाइलची पेटी उघडण्यापूर्वीच करावी लागते. ज्या सभासदांनी येत्या वर्षी हे काम योजिले असेल, त्यांनी प्रथम अभियंत्यास भिंत दाखवावी, मग नळकारागिरास पाण्याची वाट विचारावी, मग घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस तिची अडचण पुसावी. त्यानंतर टाइलचा रंग कोणता, हे घरातील मुलांनी खुशाल ठरवावे.